काडेचिराईत की पालेकिराईत? मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना घ्यावे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आजी दर पावसाळ्यात सगळ्या नातवंडांना रांगेत बसवून काडेचिराईताचे पाणी पाजायची. आता वडील ६७ वर्षांचे आहेत, त्यांना मधुमेह आहे, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. अलीकडे भूक मंदावली आहे, जेवल्यावर पोट जड होते. कोणीतरी सांगितले की चिराईताने साखर उतरते आणि रक्त शुद्ध होते. दोन दुकानांतून चिराईत आणले, तर एका पुडीत तपकिरी काड्या निघाल्या आणि दुसरीत हिरवट पाला. यातले खरे कोणते, किती घ्यायचे, आणि रोज घेतले तर चालेल का?

आधी पुड्यांचे बघू. हातात काय आहे तेच माहीत नसेल तर मात्रेची चर्चा करण्यात अर्थ नाही.

तपकिरी काड्यांच्या पुडीतली एक जाडसर काडी घ्या आणि उजेडात नीट बघा. खऱ्या काडेचिराईताची काडी तपकिरी असते, तिच्यावर जांभळट झाक असते. खालच्या बाजूला ती गोल लागते आणि वर जाईल तशी चौकोनी होते. बोटांत फिरवली की हा फरक कळतो. मग ती मोडा. आत पिवळसर, मऊ, भरपूर गर दिसेल आणि नखाने तो सहज सुटा होईल. पुडीत बोंडे असतील तर ती अंड्याच्या आकाराची, टोकदार आणि आत बारीक बियांनी भरलेली असतात. वास जवळजवळ नसतोच. शेवटी काडीचा तांदळाएवढा तुकडा चावून बघा. कडूपणा लगेच येतो आणि पाणी प्यायल्यावरही बराच वेळ जिभेवर राहतो. काडी दिसायला तशीच पण चव सौम्य असेल, तर ती याच कुळातली दुसरी जात असण्याची शक्यता मोठी. बाजारात काडेचिराईतात स्वर्शियाच्या (हे काडेचिराईताच्या वनस्पतिगटाचे शास्त्रीय नाव) इतर जाती मिसळलेल्या असतात, आणि त्यातल्या एकीला उत्तरेकडचे व्यापारी चक्क ‘मीठा चिरायता’ म्हणतात.

हिरवट पाल्याची पुडी बहुधा पालेकिराईताची असेल. यालाच ओले किराईत, भुईनिंब किंवा कालमेघ म्हणतात. ही मैदानी आणि डोंगरउताराच्या प्रदेशातली वनस्पती, अडुळशाच्या कुळातली. वाळल्यावरही हिरवी राहते, काडी खालपासून वरपर्यंत चौकोनी असते आणि शेंगा अरुंद, लांबट असतात. कडूपणात ती काडेचिराईताला हार जात नाही, म्हणून चवीवरून दोन्हींतला फरक सांगता येत नाही. कोकणात घराच्या मागे उगवणारे आणि सकाळी ठेचून प्यायले जाणारे ‘किराईत’ बहुतेक वेळा हेच असते. तमिळनाडूत डेंग्यूच्या साथीत वाटला जाणारा निलवेंबू कुडिनीर हा सिद्ध या तमिळ वैद्यकपरंपरेतला काढाही मुख्यतः यापासूनच बनतो, आणि निलवेंबू म्हणजे शब्दशः भुईनिंबच. औषध म्हणून ते वाईट नाही. पण ते काडेचिराईत नव्हे. त्यातली द्रव्ये वेगळी आहेत, त्यावर झालेला अभ्यास वेगळा आहे. एकाबद्दल वाचायचे आणि दुसरे प्यायचे, असा प्रकार मी वर्षानुवर्षे बघतो आहे.

या घोळाला दुकानदार एकटा जबाबदार नाही. भूनिंब हे नाव जुन्या ग्रंथांत काडेचिराईताच्या पर्यायांतच दिले आहे. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात त्याची किराततिक्त, काण्डतिक्त, अनार्यतिक्त, भूनिंब अशी नावे येतात. काण्डतिक्त म्हणजे ज्याचे कांडच कडू आहे. आपल्याकडच्या बायाबापड्यांनी ‘काडेचिराईत’ म्हटले त्यामागेही हीच पारख आहे. पाल्यापेक्षा काडीवरून ओळखायचे औषध. तिथेच ‘नैपाल’ नावाचा आणखी एक प्रकार सांगितला आहे आणि त्याला अर्धतिक्त म्हटले आहे, म्हणजे निम्म्या कडूपणाचा. एका नावाखाली दोन माल तेव्हाही बाजारात येत होते, असे मी यावरून समजतो.

किराततिक्त हे नाव मला फार आवडते. किरात म्हणजे हिमालयातले डोंगरी लोक. अर्जुनाशी झुंजलेला शंकर याच वेषात आला होता. पूर्व नेपाळातले राई आणि लिंबू लोक आजही स्वतःला किराती म्हणवतात, आणि चिराइतोचे (नेपाळीत चिराईताला हेच म्हणतात) मोठे पीक त्याच भागातून, ताप्लेजुंग, संखुवासभासारख्या जिल्ह्यांतून निघते. साधारण १२०० ते ३००० मीटर उंचीवर, काश्मीरपासून भूतानपर्यंतच्या उतारांवर ही वनस्पती वाढते. पहिल्या वर्षी जमिनीलगत पानांचा नुसता झुबका असतो. दुसऱ्या वर्षी मधून दांडा निघतो, माणसाच्या कमरे-छातीपर्यंत वाढतो, पावसाळ्यात हिरवट पिवळी, जांभळट छटेची चार पाकळ्यांची फुले येतात, शरदात बी पिकते आणि झाड संपते. औषधाला मुळासकट अख्खे झाड लागते. बी झडायच्या आत उपटले तर त्या जागी पुढच्या पिढीला काही उरत नाही. चांगले काडेचिराईत महाग आणि भेसळीचे जास्त का, याचे निम्मे उत्तर इथे आहे. लागवडीचा माल आता मिळतो, आणि मिळत असेल तर तोच घ्यावा.

चूर्ण घेऊ नका. काड्या घ्या, घरी कुटा. चूर्ण झाल्यावर माझ्यासारख्या वैद्यालाही नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही की आत काय आहे.

आता ते करते काय, हे सांगतो. एक शब्द आधी सोडवून घेऊ, कारण त्यावरून वाचणारे नेहमी फसतात. संस्कृतात ‘कटु’ म्हणजे तिखट आणि ‘तिक्त’ म्हणजे कडू. मराठीत कटूचे कडू झाले आणि अर्थ उलटला. त्यामुळे ग्रंथात ‘तिक्त रस’ दिसला की मिरची आठवू नका, कारले आठवा. चिराईताचे गुण भावप्रकाशाने मोजक्या शब्दांत दिले आहेत: तिक्त, शीत, लघु (पचायला हलके), रूक्ष (कोरडे) आणि सारक (पोट साफ करणारे). ज्वर, दाह, तहान, पित्त-कफाचे विकार, त्वचारोग, कृमी यांत उपयोगी. चरकाने ते तृष्णानिग्रहण (तहान शमवणारे) आणि स्तन्यशोधन (आईचे दूध शुद्ध करणारे) या दोन गटांत घातले आहे. सुश्रुताच्या आरग्वधादि गणातही, म्हणजे बहाव्यापासून सुरू होणाऱ्या औषधगटातही, ते येते.

पण माझ्या मते चिराईत समजून घ्यायची खरी जागा चरकाच्या ज्वरचिकित्सेत आहे. नव्या तापात दोष पचवणाऱ्या गोष्टी तिथे पाच सांगितल्या आहेत: लंघन, स्वेदन म्हणजे घाम आणणे, काळ, यवागू म्हणजे पातळ पेज, आणि तिक्त रस. यात ‘काळ’ हेही औषध धरले आहे, हे मला विद्यार्थी असताना फार गमतीचे वाटायचे. आता इतकी वर्षे रुग्ण पाहिल्यावर गमतीचे वाटत नाही. तर या यादीत औषधाचे नाव नाही, रसाचे आहे. कडू चवच तिथे कामाला लावली आहे.

आधुनिक भाषेत याचा एक भाग नीट उलगडतो. जिभेवर कडू ओळखणारे सुमारे २५ प्रकारचे ग्राहक (रिसेप्टर) असतात, आणि ते फक्त जिभेवर नाहीत, आतड्यातही आहेत. कडू लागले की लाळ सुटते, जठरातले स्राव वाढतात, पोट जेवणाच्या तयारीला लागते. काडेचिराईतातले अमरोजेंटिन हे निसर्गातल्या सर्वांत कडू पदार्थांपैकी एक. त्याचा १ भाग ५ कोटी ८० लाख भाग पाण्यात मिसळला तरी जिभेला कळतो, असे त्याचे वर्णन केले जाते. म्हणून मंद भुकेसाठी चिराईत द्यायचे तेव्हा मी कॅप्सूल कधीच लिहून देत नाही. कडू लागू नये म्हणून कॅप्सूलमध्ये भरलेले कडू औषध घ्यायचे, म्हणजे अर्धे काम आधीच काढून टाकायचे. आजी नाक दाबून घटकन गिळायला सांगत असेल तर तेवढ्यापुरती ती चुकत होती. घोट घोट घ्यावे, जिभेवर क्षणभर थांबू द्यावे.

करायची पद्धत साधी आहे. कुटलेल्या काड्या ३ ग्रॅम घ्या. काड्या हलक्या असल्याने चमच्याचा अंदाज चुकतो, एकदा काट्यावर मोजून बघा. काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात कपभर पाण्यात त्या रात्री भिजत घालून झाकून ठेवायच्या. सकाळी गाळून, जेवणाआधी पंधरा-वीस मिनिटे निम्मे घ्यायचे आणि उरलेले रात्रीच्या जेवणाआधी. याला हिम म्हणतात. उष्णतेची, जळजळीची तक्रार असेल तर हिम बरा. कफ, जडपणा, अंगात कसकस असेल तर सुंठेचा तुकडा टाकून काढा बरा. चूर्णाचीच मात्रा विचाराल तर दिवसाला १ ते ३ ग्रॅम. साखर, गूळ घालून चव मारू नका. भूक जागी व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पंधरा दिवसांपलीकडे विचारल्याशिवाय जाऊ नये.

आणि इथे मला जरा जोर देऊन बोलायचे आहे, कारण ‘रोज घेतले तर चांगलेच ना’ हा तुमचा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी येतो. गेल्या काही वर्षांत एक पन्नाशीतले गृहस्थ आले होते. वजन उतरलेले, ओठ फुटलेले, झोप उडालेली, शौचाला खडा. तपासण्या सगळ्या ठीक. खोदून विचारल्यावर कळले की ‘बॉडी डिटॉक्स’ म्हणून तीन महिने रोज सकाळी ग्लासभर चिराईताचा काढा चालू होता. सुरुवातीला बरे वाटले, म्हणून वाढवत नेला. वर मी सांगितलेला ‘रूक्ष’ हा गुण म्हणजे हेच. कडू चव ओलावा सुकवते. ज्याच्याकडे कफाचा, मेदाचा साठा आहे त्याला काही दिवस ते मानवते. वाळलेल्या, वातप्रकृतीच्या, उतारवयातल्या माणसाला ते पोखरते. त्यांना मी नवे औषध दिलेच नाही. काढा बंद केला, जेवणात तूप वाढवले, रात्री कोमट दूध सांगितले. तीन आठवड्यांत झोप परतली.

आजीची पद्धत यापेक्षा शहाणी होती, हे लक्षात घ्या. ती पावसाळ्यात द्यायची, थोडे द्यायची, मोजके दिवस द्यायची. वर्षभर कोणाच्याच घरी चिराईत भिजत पडलेले नसायचे.

‘रक्त शुद्ध होते का’ याचे उत्तर शब्दांच्या अर्थावर आहे. रक्तात घाण साचते आणि चिराईत ती गाळून काढते, असे काही नसते. गाळण्याचे काम तुमची मूत्रपिंडे आणि यकृत आयुष्यभर करतच असतात. आयुर्वेदात रक्तदुष्टी म्हणतो तेव्हा पित्ताच्या वळणाने जाणारी लक्षणे अभिप्रेत असतात: लाल, गरम, आग होणारे पुरळ, पिकणारे फोड, नाकातून रक्त. अशा ठिकाणी मंजिष्ठा, सारिवा यांच्या जोडीने चिराईत मी वापरतो आणि त्याचा उपयोग होताना दिसतो. कोरड्या, खवल्यांच्या, भेगा पडणाऱ्या त्वचेला तेच दिले तर तक्रार वाढते. ‘त्वचेसाठी चिराईत’ असे सरसकट म्हणता येत नाही ते यामुळे.

तापाबद्दल दोन शब्द, कारण चिराईत म्हटले की पहिली आठवण तापाची येते. सुदर्शन चूर्ण हे तापावरचे जुने औषध तुम्ही ऐकले असेल. त्यात पन्नासच्या वर औषधे असतात आणि शार्ङ्गधर या जुन्या आयुर्वेद ग्रंथकाराच्या पाठाप्रमाणे त्या सगळ्यांच्या मिळून वजनाच्या निम्मे चिराईत घालायचे असते. म्हणजे तयार चूर्णातला एक तृतीयांश हिस्सा एकट्या चिराईताचा. सुदर्शन तोंडात टाकल्यावर जे होते ते यानेच. ब्रिटिशांच्या काळात त्यांच्या फार्माकोपियातही, म्हणजे अधिकृत औषधसूचीतही, चिराता होता, कडू टॉनिक म्हणून. पण हिवतापाचा जंतू मारायला चिराईत पुरत नाही. १८२० साली पेलेतिए आणि काव्हेंतू या फ्रेंच रसायनज्ञांनी सिंकोनाच्या सालीतून क्विनीन वेगळे केले, आणि हिवतापावर त्याने जे करून दाखवले ते चिराईताने कधी केलेले नाही. दोन्ही कडू, म्हणून दोन्हींचा गुण एक, ही समजूत जुनी आहे आणि चुकीची आहे. पावसाळ्यात थंडी वाजून ताप आला, किंवा दुसऱ्या दिवशीही उतरला नाही, तर आधी रक्त तपासा: मलेरिया, डेंग्यू, आणि पाण्यातून चालणे झाले असेल तर लेप्टोस्पायरोसिस. काढ्याने एखादा अंश उतरला म्हणून दोन दिवस घालवलेले रुग्ण मी पाहिले आहेत. तेव्हा मी त्यांना काढा देत बसत नाही, रुग्णालयात पाठवतो. ताप उतरून गेल्यावर तोंडाला चव नाही, अंग मोडलेले आहे, भूक नाही, अशा वेळी चिराईत फार सुंदर काम करते. ते दिवस खरे त्याचे.

आता वडिलांचे. चिराईतातल्या काही द्रव्यांनी, विशेषतः स्वर्चिरिनने, प्रयोगशाळेतल्या उंदरांची साखर उतरते हे खरे आहे. तेवढ्यावरून माणसाच्या गोळ्या बंद करता येत नाहीत. उलट तुमच्या वडिलांच्या बाबतीत मला भीती दुसरीच आहे. मेटफॉर्मिन एकटे असते तर साखर एकदम खाली जाण्याचा धोका कमी होता. पण ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवा अथवा न जेवा. त्यावर आणखी साखर उतरवणारे काही घेतले आणि त्या दिवशी जेवण कमी गेले, तर साखर कोसळते. एका रुग्णाच्या घरचे पहाटे चार वाजता त्यांना घामाने निथळलेले, असंबद्ध बोलत असलेले बघून घाबरले होते. रात्री जेवण टाळले होते, गोळी मात्र घेतली होती, आणि वर कारले, मेथी, जांभूळबी, चिराईत असे एकत्र करून घरी केलेला काढा. त्यात दोष नेमका कोणाचा हे मी सांगू शकत नाही, पण सगळे एकाच दिशेला ढकलत होते.

शिवाय भूक का मंदावली आहे हे आधी बघा. मेटफॉर्मिननेच कित्येकांना भूक कमी होणे, पोट जड होणे असा त्रास होतो, विशेषतः मात्रा वाढवल्यावर. ६७ व्या वयात भूक आणि वजन दोन्ही कमी होत असेल तर त्याची नीट तपासणी व्हायला हवी. तिथे कडू पाजून भूक उठवणे म्हणजे कारण झाकणे. अल्सर, रक्ताची उलटी, काळी शौच असे काही कधी झाले असेल तर चिराईत नाहीच, कारण ते जठरातले स्राव वाढवते. घरात गर्भवती कोणी असेल तर तिलाही नको. लहान मुलांना आजीने दिले म्हणून अंदाजाने देऊ नका. पाच वर्षांखाली तर वैद्याने बघितल्याशिवाय मुळीच नाही.

तर मी हे असे करीन. त्यांच्या मधुमेहाच्या डॉक्टरांना भूक मंदावल्याचे आणि चिराईत द्यायचा विचार आहे, हे दोन्ही सांगेन. लपवून द्यायचे नाही. त्यांनी हरकत घेतली नाही तर काडेचिराईताचा हिम, निम्म्या मात्रेने, म्हणजे दीड ग्रॅम काड्यांचा, फक्त दुपारच्या जेवणाआधी, सात दिवस. रात्री नाही. त्या आठवड्यात घरच्या मशीनवर सकाळी उपाशीपोटी आणि दुपारी जेवणाआधी साखर बघायची, वहीत लिहायची. ७० च्या खाली आकडा आला, किंवा हात थरथरणे, घाम, एकदम भूक असे झाले, तर लगेच साखर-पाणी द्यायचे, चिराईत थांबवायचे आणि डॉक्टरांना फोन करायचा. मळमळ झाली तर मात्रा जास्त होते आहे असे समजा आणि बंद करा. सात दिवसांत भूक जागी झाली नाही तर पुढे ओढू नका, त्यांना घेऊन या.

हिरवी पुडी टाकून देऊ नका. पण ती वेगळ्या बरणीत भरा, वर ‘पालेकिराईत’ असे ठळक लिहा आणि काड्यांच्या बरणीपासून लांब ठेवा. सहा महिन्यांनी घरातले दुसरेच कोणीतरी ‘चिराईत कुठे आहे’ म्हणून हात घालेल.